ग्रीस मारण्याआधी स्पिंडलमध्ये काय आहे ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती उठले की बसून चालवायची गवतकापणी मशिने दुरुस्तीच्या शेडमध्ये यायला लागतात. क्लबांची मैदाने, विद्यापीठांची आवारे, चाकणकडचे कंपन्यांचे परिसर, मुळशी-कर्जतची फार्महाउसे, गोव्यातली हॉटेले, कुठलेही मशीन घ्या, तक्रार ठरलेली असते. ब्लेड चालू केले की डेकमधून कर्कश आवाज येतो, गवताची एक पट्टी न कापताच राहते, पट्टा हंगामात दुसऱ्यांदा तुटलेला असतो. निदानही ठरलेले, "स्पिंडल गेला". मग परदेशातून अख्खी स्पिंडल असेम्ब्ली, म्हणजे ब्लेड फिरवणाऱ्या आसाचा पूर्ण जोड, मागवली जाते. त्यात काही हजार रुपये जातात आणि गवत वाढायच्या दिवसांत मशीन उभे राहते. वास्तविक त्या असेम्ब्लीत बहुतेक वेळा बिघडलेली असतात ती फक्त दोन बेअरिंग, आणि ती जोडी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात पाच-सहाशे रुपयांच्या आसपास मिळते. वर मालकाचे म्हणणे असते की ग्रीस तर आम्ही दर आठवड्याला मारत होतो. हंगाम सुरू असतानाच या विषयावर दोन गोष्टी सांगाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

डेक म्हणजे मशीनच्या पोटाखाली टांगलेले उपडे घमेले. ४२ इंची डेकवर बहुधा दोन स्पिंडल असतात, ४८ ते ५४ इंची डेकवर तीन. ॲल्युमिनियमचे ओतीव हाउसिंग, त्यात वर एक आणि खाली एक बेअरिंग, दोन्हींतून आरपार गेलेला पोलादी शाफ्ट, शाफ्टवर दोन बेअरिंगांच्या मध्ये बसणारी नळी म्हणजे स्पेसर, वरच्या टोकाला पुली आणि खालच्या टोकाला ब्लेड, एवढाच हा संसार. अमेरिकेतल्या सुरक्षा मानकाप्रमाणे ब्लेडच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांवर जाता कामा नये. २१ इंची ब्लेडसाठी हिशोब केला तर शाफ्टचे फेरे मिनिटाला ३,४०० च्या घरात येतात. या कामासाठी सर्रास वापरले जाणारे ६२०३ क्रमांकाचे सीलबंद बेअरिंग याच्या तिप्पट वेग सहज सोसते. भाराचेही तसेच. ६२०३ ची गतिक भारक्षमता सुमारे ९.९५ किलोन्यूटन आहे. पट्ट्याचा ताण आणि ब्लेडचे धक्के मिळून सतत १ किलोन्यूटन, म्हणजे शंभर किलोच्या आसपास, भार आहे असे मानले तर क्षमता भागिले भार, त्याचा घन, या नेहमीच्या सूत्राने सुमारे ९८.५ कोटी फेरे निघतात. तासांत सांगायचे तर ४,८००. शंभरातली नव्वद बेअरिंग एवढी टिकायला हवीत. वर्षाला दोनशे तास कापणी धरली तर हे आयुष्य चोवीस वर्षांचे होते. प्रत्यक्षात बेअरिंग शंभर-दोनशे तासांत घरघरू लागते, कारण ते भाराने थकून मरतच नाही. आत पाणी आणि माती गेल्याने, किंवा बसवताना झालेल्या चुकीने मरते. ग्रीसचा प्रश्न या दोन कारणांच्या संदर्भातच समजून घ्यावा लागतो.

निपल, म्हणजे ग्रीस आत दाबायचे छोटे तोंड, दिसले की गन लावायची ही सवय आपल्याकडे ट्रॅक्टर आणि ट्रकवरून आलेली आहे. तिथे बुश असतात, पिना असतात. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत दाबत राहणे तिथे बरोबरच आहे. स्पिंडलमध्ये मात्र आतले बेअरिंग कोणत्या जातीचे आहे यावर सगळे अवलंबून असते. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले बेअरिंग असेल तर निपलमधून गेलेले ग्रीस छर्ऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. ते दोन बेअरिंगांमधल्या पोकळीत साठत जाते. पोकळी भरली की पुढच्या दाबाला जायला जागा उरत नाही. हाताने चालवायची साधी ग्रीस गनही तोंडाशी ३००-४०० बारचा दाब सहज निर्माण करते आणि सीलची रबरी ओठपट्टी फक्त धूळ अडवण्यापुरती असते. आतले सील छर्रे धरणाऱ्या पिंजऱ्यावर जाऊन घासते, बाहेरचे सील खोबणीतून निसटते. त्या क्षणापासून खालून उडणारे ओले गवत आणि माती थेट छर्ऱ्यांत जाऊ लागते. दर आठवड्याला ग्रीस मारलेले बेअरिंग आधी का जाते याचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते.

काही स्पिंडलमध्ये बाहेरच्या तोंडाला सील आणि आतल्या तोंडाला उघडे असे एकतर्फी सीलचे बेअरिंग असते. तिथे पोकळीतले ग्रीस छर्ऱ्यांत उतरते, म्हणून तिथल्या निपलला अर्थ आहे. मोठ्या व्यावसायिक मशिनांत कधी टेपर रोलर, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर असलेली, बेअरिंग असतात, वर-खाली वेगळे ऑइल सील असतात आणि जादा ग्रीस बाहेर पडायला हाउसिंगवर एक छोटा व्हॉल्व्ह किंवा भोक असते. त्यांना ग्रीस नियमाने लागतेच, आणि त्या भोकातून ग्रीस डोकावले की थांबायचे. ते भोक चिखलाने बुजलेले असेल तर सील गेले म्हणून समजा, त्यामुळे गन लावण्याआधी तारेने भोक मोकळे करावे.

बाहेरून बघून आतली जात कळत नाही. निपल आहे म्हणजे बेअरिंग ग्रीस घेणारे आहे असे धरू नये. एकच ओतीव हाउसिंग अनेक मॉडेलांना वापरले जाते, आणि आधीच्या दुरुस्तीत कोणी हाताला लागलेले दुतर्फी सीलबंद बेअरिंग बसवून दिलेले असू शकते. म्हणून एकदा उघडून बघावे, सापडलेला क्रमांक डेकवर रंगाने लिहून ठेवावा, आणि मगच ग्रीसचे वेळापत्रक ठरवावे.

निपल असलेल्या हाउसिंगमध्ये दुतर्फी सीलचे बेअरिंग निघाले तर दोन मार्ग आहेत. निपल काढून तिथे बोल्ट मारून टाकायचा आणि बेअरिंग आयुष्यभरासाठी सीलबंद समजायचे, हा एक. कंपनीतून भरून आलेले ग्रीस आतल्या मोकळ्या जागेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके असते आणि ते पुरते. दुसरा मार्ग असा की बसवण्याआधी प्रत्येक बेअरिंगचे आत येणारे सील बारीक सुईने कडेने उचकटून काढायचे, बाहेरचे ठेवायचे आणि मधली पोकळी ग्रीसने भरायची. महिन्यातून दोनदा चालणाऱ्या फार्महाउसच्या मशीनला पहिला मार्ग पुरेसा आहे. पावसाळाभर ओले गवत कापणाऱ्या मैदानाच्या मशीनला आम्ही दुसरा सुचवू, कारण भरलेली पोकळी ही पाण्याविरुद्धची भिंत असते, छर्ऱ्यांना लागणारे वंगण हा तिचा जोडफायदा.

आता प्रमाण. बेअरिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, गुणिले रुंदी, गुणिले ०.००५, म्हणजे एका वेळी पुन्हा द्यायचे ग्रीस ग्रॅममध्ये. ६२०३ साठी ४० गुणिले १२ गुणिले ०.००५, उत्तर २.४ ग्रॅम. ६२०४ ला ३.३, ६२०५ ला ३.९. दोन ६२०३ मिळून पाच ग्रॅमही नाही. तुमची गन एका दाबाला किती सोडते ते कागदावर दहा दाब मारून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. साधारण एक ग्रॅमच्या आसपास येईल. म्हणजे पोकळी एकदा भरलेली असेल तर दर पंचवीस तासांनी चार-पाच दाब, त्यापेक्षा जास्त नाही. पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळावा. पावसात रोज कापणी असेल तर तास निम्मे करावेत, दाब वाढवू नयेत. पहिल्या भरणीचे गणित वेगळे आहे. पोकळी ३० घनसेंटिमीटरच्या आसपास असते, हाउसिंग आणि स्पेसरचे व्यास व्हर्निअरने मापले की नेमके काढता येते. ती जोडणीच्या वेळी हाताने दोन-तृतीयांश भरावी, ग्रीस तापून फुगायला उरलेली जागा ठेवावी. ती रिकामी ठेवून नंतर गनने पाच दाब मारले तर ग्रीस पोकळीच्या मधोमध गोळा होऊन बसते आणि बेअरिंग कोरडेच फिरते. असे निघालेले स्पिंडल उघडले की निपलसमोर ग्रीसचा स्वच्छ पिवळा ढीग आणि छर्ऱ्यांवर गंज, असे विचित्र दृश्य दिसते. ग्रीस देताना ब्लेड हाताने सावकाश फिरवत राहावे. अर्थात इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि स्पार्क प्लगची वायर सोडवलेली असतानाच.

ग्रीसच्या जातीबद्दल थोडक्यात. गॅरेजमध्ये 'चेसिस ग्रीस' म्हणून मिळते ते बहुधा साध्या कॅल्शियमचे असते, शंभर अंशांच्या आतच वितळते. ते या वेगाला चालत नाही. ग्रॅफाइटचे काळे ग्रीस बॉल बेअरिंगमध्ये घालूच नये. लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, घट्टपणाच्या एनएलजीआय मापावर २ क्रमांकाचे, ईपी म्हणजे जास्त दाब सोसणारे ग्रीस घ्यावे. सर्वोजेम ईपी २ सारखे कुठल्याही पेट्रोलियम कंपनीचे चालेल. ट्रकच्या चाकांना वापरतात ते एपी ३ ग्रीस चालून जाते, पण ते जास्त घट्ट असल्याने गार सकाळी पोकळीतून बेअरिंगकडे नीट सरकत नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आणि सतत ओल्यात चालणाऱ्या मशीनला कॅल्शियम सल्फोनेट जातीचे ग्रीस महाग असले तरी परवडते, ते पाण्याने धुपत नाही. एक मात्र पाळा: विजेच्या मोटरींच्या बेअरिंगांत असते ते पॉलियुरिया ग्रीस आणि लिथियम एकत्र करू नये. काही जोड्या मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात. आतले सील काढून नव्याने ग्रीस भरणार असाल तर बेअरिंगमध्ये मुळात कोणते ग्रीस आहे ते दुकानदाराकडून कंपनीच्या तक्त्यात पाहून घ्या.

आता पाण्याबद्दल. स्पिंडलचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे प्रेशर वॉशर. मशीन चकचकीत धुऊन उभे करण्याची आपल्याकडे हौस आहे आणि धुणाऱ्याला डेकखालचा चिखल नेमका स्पिंडलभोवतीच साचलेला दिसतो. नोझल तिथेच रोखले जाते. त्यात कापणी संपताच, स्पिंडल गरम असतानाच धुतले तर दुहेरी नुकसान होते. गरम हाउसिंगवर गार पाणी पडले की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढले जाते. पाणी आत गेलेले मशीन आठवडाभर उभे राहिले की बेअरिंगच्या धावपट्टीवर, म्हणजे छर्रे फिरतात त्या खोबणीवर, छर्ऱ्यांच्या बरोबर अंतराने गंजाचे ठिपके पडतात. उघडलेल्या बेअरिंगमध्ये असे समान अंतरावरचे ठिपके दिसले तर ग्रीसला दोष देऊ नये, धुणाऱ्याला विचारावे. डेक गार झाल्यावर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा आणि ब्लोअरने फुंकावा. पाणीच वापरायचे तर साध्या नळीचे वापरावे, आणि नंतर ब्लेड दोन-तीन मिनिटे चालवून पाणी झटकून टाकावे. डेकवर नळी जोडायचे तोंड दिलेले असले तरी हा शेवटचा टप्पा चुकवू नये. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची बारीक लाल धूळ असते. ती पाण्याबरोबर सीलमध्ये शिरली की रेतकागदासारखे काम करते.

दुसरा शत्रू आहे दोरा. संक्रांतीनंतर मैदानांवर पडलेला मांजा ब्लेड आणि खालच्या बेअरिंगमधल्या बोटभर फटीत गुंडाळला जातो. नायलॉनचा मांजा वितळून कडक कडे बनतो आणि सीलचा ओठ कापून टाकतो. सुतळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, बांधाची जाळी यांचेही तसेच. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत महिन्यातून एकदा तरी ब्लेड उतरवून शाफ्टभोवती काय अडकले आहे ते सुरीने कापून काढावे. दर वेळी ग्रीस मारण्यापेक्षा ही पाच मिनिटे जास्त उपयोगाची आहेत.

आवाज आला म्हणजे स्पिंडलच गेला असेही नाही. पट्ट्याला ताण देणाऱ्या आयडलर पुलीतही बेअरिंग असते. ते लहान, सतत फिरणारे आणि कोणाच्या लक्षात न येणारे असते. पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवली की दोषी कोण ते कळते. चांगले बेअरिंग नि:शब्द आणि किंचित जड फिरते, आतल्या ग्रीसमुळे. अगदी मोकळे, गरगर फिरणारे बेअरिंग चांगले नव्हे, कोरडे असते. मग ब्लेडचे टोक धरून वर-खाली हलवावे. टकटक जाणवली तर बेअरिंगला प्ले, म्हणजे सैलपणा, आला आहे. यानंतर ब्लेडच्या एका टोकाची जमिनीपासूनची उंची मोजावी, ब्लेड अर्धा फेरा फिरवून दुसरे टोक त्याच जागी आणून पुन्हा मोजावे. तीन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर ब्लेड वाकले आहे किंवा शाफ्ट. ब्लेड सोडवून टोकांची अदलाबदल करून शाफ्टवर पुन्हा बसवावे. फरक ब्लेडच्या टोकाबरोबर गेला तर ब्लेड बदला, शाफ्टच्या जागेशीच राहिला तर शाफ्ट वाकला आहे आणि त्यात नवे बेअरिंग घालणे म्हणजे पैसे फुकट. दगडाला किंवा स्प्रिंकलरच्या तोंडाला ब्लेड आपटल्याचा इतिहास असेल तर ही तपासणी आधी करा. खालच्या पत्र्याच्या झाकणाभोवती तांबूस भुकटी दिसणे हे बेअरिंग आतून गंजल्याचे सर्वांत भरवशाचे चिन्ह आहे.

स्पिंडल काढताना मशीनच्या दोन्ही बाजू लाकडी ठोकळ्यांनी नीट टेकवून मगच डेकखाली हात घालावा. फक्त जॅकच्या भरवशावर कधीच नाही. पट्ट्याचा मार्ग उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ब्लेड आणि डेक यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून बोल्ट सोडवावा. बहुतेक आटे उजवे असतात, पण काही मॉडेलांत डावे असतात. जोर लावण्याआधी पुस्तिका पाहावी. हाउसिंग डेकला चार ते सहा बोल्टांनी धरलेले असते आणि बऱ्याच मशिनांत हे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये स्वतःच आटे पाडणारे असतात. चिखल-गंज साफ न करता, इम्पॅक्ट गन लावून ते ओढले की आटे बोल्टबरोबर बाहेर येतात. शाफ्ट जाम असेल तर टोकावर नट उलटा, शाफ्टच्या पातळीत बसवून मग प्रेसने दाबावा. थेट हातोडा मारला की वरचे आटे चेपतात आणि पुली पुन्हा बसत नाही.

खरेदीतली फसगत मात्र सविस्तर सांगायला हवी. बहुतेक मशिने अमेरिकी बनावटीची किंवा तिथल्या मापांची असतात. त्यांचा शाफ्ट पुष्कळदा पाच-अष्टमांश इंचाचा, म्हणजे १५.८७५ मिलिमीटरचा असतो. त्यातल्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४० आणि रुंदी १२, अगदी ६२०३ सारखी. दुकानदार बाहेरचे माप बघून ६२०३ देतो. पण मेट्रिक ६२०३ चे भोक १७ मिलिमीटरचे असते. हाउसिंगमध्ये ते छान बसते आणि शाफ्टवर मिलिमीटरहून जास्त सैल राहते. मग कोणी शाफ्टवर पत्रा गुंडाळतो, कोणी वेल्डिंग भरतो, आणि पंधरा दिवसांत हाउसिंग फुटते. मागायचे असते ते ६२०३-१०. तसेच पाऊण इंची शाफ्टला, म्हणजे १९.०५ मिलिमीटरला, ६२०४-१२ लागते, साधे ६२०४ नाही. त्याचे भोक २० मिलिमीटरचे. दुकानात जाताना जुने बेअरिंग आणि शाफ्ट दोन्ही न्यावेत, फक्त बेअरिंगचा क्रमांक फोनवर सांगू नये, कारण पाठीमागचे हे दोन आकडे गंजात पुसले गेलेले असतात.

क्रमांकापुढचे अक्षरही पाहावे. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे. त्यातून धूळ थोडी अडते, पाणी अजिबात अडत नाही, म्हणून इथे ती घेऊ नयेत. रबरी स्पर्श सील हवे, ज्याला कोणी २आरएस म्हणते, कोणी डीडीयू, कोणी एलएलयू. सी३ लिहिलेले असेल तर आतली फट थोडी जास्त असते, या कामाला ते चालते. चिंचवडला कारखाना असलेले एसकेएफ असो वा जयपूरचे एनबीसी, नाव मोठे असो वा छोटे, माल अस्सल हवा. बाजारात नक्कल भरपूर आहे. निम्म्या किमतीत मिळालेले नामांकित बेअरिंग बेअरिंगच असेल, नामांकित नसेल. असाच घोटाळा निपलचाही होतो. अमेरिकी निपलचे आटे पाव इंची, इंचाला २८. त्यात आपल्याकडचे ६ मिलिमीटरचे निपल दोन फेरे जाते, बसल्यासारखे वाटते आणि पहिल्याच दाबाला उडते.

बेअरिंग बदलताना ज्या तुकड्याकडे कोणाचे लक्ष जात नाही तो म्हणजे स्पेसर. ती साधी नळी दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्यांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरते. बाहेरची कडी हाउसिंगमधल्या पायऱ्यांवर टेकलेली असतात. नळीची लांबी त्या दोन पायऱ्यांमधल्या अंतराएवढी किंवा केसभर जास्त हवी. ती झिजून किंवा टोके चेपून आखूड झाली, किंवा जोडताना घालायचीच राहून गेली, तर नट आवळताच आतली कडी एकमेकांकडे ओढली जातात, बाहेरची जागीच राहतात आणि छर्रे धावपट्टीच्या कडेवर दाबले जातात. साधे बॉल बेअरिंग असा बाजूचा दाब काही तासच सोसते. "नवे बेअरिंग टाकले, एका दिवसात गेले" या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते आणि शिव्या मात्र बेअरिंगच्या कंपनीला बसतात. व्हर्निअरच्या खोली मोजणाऱ्या काडीने पायऱ्यांमधले अंतर मोजा, मग नळी मोजा. कमी भरली तर कोणताही लेथवाला जाड पोलादी पाइपातून नवी करून देईल. दोन्ही टोके समांतर आणि काटकोनात हवीत एवढे बजावून सांगा.

बसवण्यासाठी हाउसिंग उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावे आणि पुसून कोरडे करावे. नवे बेअरिंग तोवर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावे. तापमान सत्तर-ऐंशी अंशांनी वाढले की ४० मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे भोक सुमारे ०.०७ मिलिमीटर मोठे होते आणि थंड बेअरिंग अंगठ्याने आत जाते. हातोड्याची गरजच पडत नाही. ज्योतीने हाउसिंग तापवू नये, ओतीव भाग वाकतो. ठोकावेच लागले तर फक्त बाहेरच्या कड्यावर, त्याच मापाच्या सॉकेटने किंवा जुन्या बेअरिंगच्या कड्याने ठोकावे. आतल्या कड्यावर मारलेला प्रत्येक घाव छर्ऱ्यांमधून जाऊन धावपट्टीवर खड्डा पाडतो आणि तो खड्डा पहिल्या दिवसापासून आवाज करतो. शाफ्ट आत दाबताना उलट करायचे, आतल्या कड्याला खालून आधार द्यायचा. खालचे बेअरिंग, मग स्पेसर, ग्रीस, वरचे बेअरिंग, मग शाफ्ट, असा क्रम ठेवावा. दोन्ही बेअरिंग एकदमच बदलावीत. मजुरी तेवढीच लागते.

बाहेरचे कडे हाउसिंगमध्ये फिरून भोक गुळगुळीत चमकत असेल तर पंच मारून खरखरीत करण्याचा जुना उपाय करू नये. ते चार टोकांवर टेकते आणि तिरके होते. ०.१ मिलिमीटरपर्यंतच्या सैलपणाला बेअरिंग पकडणारे ॲनेरोबिक, म्हणजे हवा न लागता घट्ट होणारे, द्रव पुरते, दोन्ही पृष्ठभाग थिनरने तेलविरहित केले असतील तर. त्याहून जास्त सैल असेल तर हाउसिंग बदला. इथे कंजुषी महाग पडते.

नट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळावेत. मशीनप्रमाणे हा आकडा ६० ते १२० न्यूटन-मीटरमध्ये असतो, म्हणून अंदाजाने पहार लावू नये. आवळल्यानंतर पुली दोन बोटांनी फिरली पाहिजे. जड झाली तर स्पेसरकडे परत जा. ब्लेडला धार लावल्यावर मधल्या भोकात खिळा घालून आडवे धरावे, जे टोक खाली जाईल त्याच्या मागच्या कडेचे थोडे घासून समतोल साधावा. असमतोल ब्लेड मिनिटाला साडेतीन हजार वेळा खालच्या बेअरिंगला धक्का देते. मूळ पट्टा महाग म्हणून पिठाच्या गिरणीचा साधा पट्टा टाकला जातो, तो घसरतो, मग ताणाची स्प्रिंग आखूड केली जाते. त्याचा सगळा भार वरच्या बेअरिंगवर येतो.

संस्थांच्या आणि नगरपालिकांच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. वार्षिक देखभालीच्या करारात "मासिक ग्रीसिंग" एवढाच शब्द लिहिलेला असतो आणि ठेकेदार निपलवर ग्रीसचा थर दाखवून सही घेऊन जातो. त्याऐवजी करारात प्रत्येक स्पिंडलमधल्या बेअरिंगचा पूर्ण क्रमांक, सीलची जात, ग्रीसचे नाव, किती तासांनी किती ग्रॅम, आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, ब्लेड उतरवून उंचीतल्या फरकाची नोंद, असे लिहून घ्या. तासांची नोंद मशीनच्या मीटरवरून होते. मीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. काढलेली जुनी बेअरिंग ठेकेदाराने परत द्यावीत अशीही अट घाला. कापून उघडलेल्या बेअरिंगच्या कड्यावर पाणी, दोरा, हातोडा की आखूड स्पेसर, यांपैकी कशाने ते गेले ते स्पष्ट दिसते.

आपले,
मैदान आणि बागेच्या यंत्रांची दुरुस्ती करणारे काही कारागीर, पुणे